फॅशन वीकचा पहिला दिवस: मुंबईत नव्यानं जाणाऱ्यांसाठी

मुंबईतला लॅक्मे फॅशन वीक मार्चमध्ये भरतो. फेब्रुवारी लागला की फॅशन डिझाइनच्या विद्यार्थ्यांचे, नाशिक-कोल्हापूरकडे नुकतंच बुटीक टाकलेल्यांचे, पुरवणीसाठी लिहायला लागलेल्या नव्या पत्रकारांचे फोन सुरू होतात. पास कुठून मिळेल, काय घालू, आत गेल्यावर करायचं काय, पार्टीला बोलावलं तर जाऊ का? या सगळ्यांसाठी एकदाच सविस्तर लिहिते आहे.

माझं एक ठाम मत आधीच सांगते, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावर उभा आहे. हा दिवस कपडे बघण्यासाठी ठेवा. नट-नट्या, फोटो, ओळखीपाळखी हे सगळं वाटेत आपोआप भेटतं. एक कपडा मात्र तुमच्यासमोरून जेमतेम अर्धा मिनिट जातो. त्यामागे कुणीतरी कित्येक आठवडे विणलेलं, भरलेलं, शिवलेलं असतं. तो नीट बघता यायला हवा, आणि त्यासाठी दिवसाची आखणी लागते.

आधी थोडं माहीत असू द्या

भारतात फॅशन वीक सुरू झाला तो २००० साली, दिल्लीत. तेव्हा लॅक्मे ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी आणि फॅशन डिझाइन कौन्सिल ऑफ इंडिया म्हणजे एफडीसीआय ही डिझायनरांची संस्था एकत्र होते. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. २००६ पासून लॅक्मेचा मुंबईत आणि एफडीसीआयचा दिल्लीत असं बरीच वर्षं चाललं, आणि २०२१ मध्ये दोघं पुन्हा एकत्र आले. अलीकडे मार्चची आवृत्ती मुंबईत आणि ऑक्टोबरची दिल्लीत होते.

न्यूयॉर्क, लंडन, मिलान, पॅरिस या क्रमानं होणाऱ्या विदेशी शोंमध्ये फेब्रुवारी-मार्चला पुढच्या थंडीचे कपडे दाखवतात, कारण दुकानांना सहा महिने आधी ऑर्डर द्यायची असते. आपल्याकडे तसं नाही. मार्चमध्ये दिसतं ते बहुतांशी उन्हाळ्याचं, आणि ऑक्टोबरचं दिवाळी-लग्नसराईचं. म्हणून बुटीकवाल्यांनी मुंबईला येताना या मोसमात काय विकायचं आहे ते मनात ठेवूनच यावं.

पास

चित्रपटासारखं तिकीट काढून आत जायचा हा कार्यक्रम नाही. मुळात हा व्यापाराचा मेळा आहे, आणि प्रवेश मुख्यतः निमंत्रणावर मिळतो. निमंत्रणं येतात ती डिझायनरकडून, प्रायोजक कंपन्यांकडून, माध्यमांच्या नोंदणीतून आणि खरेदीदार म्हणजे बायर म्हणून केलेल्या नोंदणीतून. बुटीक कितीही लहान असो, तुम्ही बायर आहात. नोंदणीच्या वेळी दुकानाचं नाव, जीएसटी क्रमांक, सध्या कुठली लेबलं ठेवता हे लिहून द्या. महिना-दीड महिना आधी हे उरकायला हवं.

ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, त्यांनी थेट डिझायनरच्या ऑफिसला मेल करावा. मोठ्या नावांकडून उत्तर येणं अवघड, पण नवे डिझायनर आवर्जून उत्तर देतात. मेल चार-पाच ओळींचा ठेवा: तुम्ही कोण, त्यांच्या आधीच्या कामातलं नेमकं काय आवडलं, कोणता शो बघायचा आहे. ‘मी तुमची खूप मोठी फॅन आहे’ एवढ्यावर कुणी सीट देत नाही. ‘मागच्या कलेक्शनमधल्या जॅकेटला खणाचा काठ आतून लावला होता, तो कसा बसवला हे बघायचंय’ असं लिहिणाऱ्याचं नाव यादीत जातं.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक वाट आहे, आणि माझ्या मते तीच सगळ्यात चांगली: बॅकस्टेजला ड्रेसर म्हणजे मॉडेलला कपडे चढवून देणारी मदतनीस म्हणून किंवा प्रेक्षागृहाच्या दारावर मदतनीस म्हणून काम करणं. कॉलेजमार्फत नावं मागवली जातात. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

‘पास विकत देतो’, ‘पैसे भरा, रॅम्पवर चालायला मिळेल’ असे मेसेज दर वर्षी फिरतात. एक रुपयाही देऊ नका. निमंत्रण एका नावावर असतं आणि दारावर ओळखपत्राशी ताडून बघतात.

कोणते शो बघायचे

वेळापत्रक आलं की सगळंच बघावंसं वाटतं. पहिल्या दिवशी तीन शो पुरे. चौथ्याला डोळे थकतात आणि सगळं सारखंच दिसायला लागतं.

त्या तिनात एक जेन नेक्स्टचा असू द्या. नवोदितांसाठीचा हा उपक्रम आहे. राहुल मिश्रा २००६ मध्ये इथूनच पहिल्यांदा लोकांसमोर आला, २०१४ ला त्यानं लोकरीतल्या डिझाइनसाठीचा आंतरराष्ट्रीय वूलमार्क पुरस्कार मिळवला आणि २०२० च्या जानेवारीत पॅरिसच्या ओत कुतूर (मापानुसार हातानं शिवलेल्या उंची कपड्यांच्या) आठवड्यात शो करणारा तो पहिला भारतीय डिझायनर ठरला. वेशभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा आपला नचिकेत बर्वेही जेन नेक्स्टमधूनच पुढे आला. या शोला गर्दी त्या मानानं कमी, सीट मिळायची शक्यता जास्त, आणि शो संपल्यावर डिझायनर खरोखर बोलायला मोकळे असतात.

दुसरा शो हातमाग किंवा शाश्वत फॅशनचा घ्या. वेळापत्रकात त्यासाठी बहुधा एक पूर्ण दिवस राखलेला असतो. तिसरा तुमच्या आवडीचा, मोठ्या नावाचा. दोन शोंमध्ये किमान दीड तासाचं अंतर धरा. शो उशिरा सुरू होतात, अर्धा तास तर नेहमीचाच.

काय घालायचं

बाहेर मार्चची मुंबई, आत कडक एसी. सुती किंवा लिननचा कपडा आणि बरोबर एक स्टोल किंवा पातळ जॅकेट एवढं लागतंच. दिवसभरात उभं राहणं आणि चालणं इतकं होतं की नवे कोरे बूट घातलेत तर दुपारीच पाय सोलून निघतील. वापरून मऊ झालेली चप्पल-बूटच घाला. कोल्हापुरी उत्तम.

उसना आणलेला डिझायनर गाउन घालून दिवसभर स्वतःलाच सावरत फिरण्यापेक्षा घरातली इरकल, खणाचं ब्लाउज, आजीची जुनी नारायणपेठ बाहेर काढा. बाहेर उभे असलेले स्ट्रीट स्टाइलचे छायाचित्रकार रोज तेच ते ब्रँड बघून कंटाळलेले असतात, ओळखीचं कापड वेगळ्या तऱ्हेनं नेसलेलं त्यांना पटकन दिसतं. पण तेवढ्यासाठी नव्हे, तुम्हाला दहा तास आरामात वावरता यावं म्हणून हे सांगते आहे.

खांद्याला लटकणारी लहान बॅग घ्या. आत ओळखपत्र, निमंत्रणाचा स्क्रीनशॉट (गर्दीत नेटवर्क दगा देतं), पॉवर बँक, छोटी वही, पेन, पाण्याची बाटली, दोन सेफ्टी पिना, चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू. आतलं खाणं महाग असतं आणि खायला वेळही मिळत नाही, म्हणून घरून पोटभर जेवून निघा.

पोचणं आणि रांग

गेली काही वर्षं मुंबईतला मुख्य कार्यक्रम वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) जिओ वर्ल्ड सेंटरच्या आवारात भरतो, पण एखादा शो शहरात दुसरीकडेही असतो. निमंत्रणावरचं ठिकाण पुन्हा वाचा. लोकलनं आलात तर वांद्रे पूर्वेहून किंवा कुर्ला पश्चिमेहून शेअर रिक्षा मिळते. मेट्रो ३ चं बीकेसी स्थानकही आता आहे. संध्याकाळी ऑफिसं सुटायच्या वेळी स्वतःच्या गाडीनं यायचा विचार करू नका, शेवटचा एक किलोमीटर अर्धा तास खातो.

शोच्या पाऊण तास आधी दारावर असा. निमंत्रणावर ब्लॉक, ओळ आणि सीटचा आकडा असतो, किंवा ‘स्टँडिंग’ लिहिलेलं असतं. पहिली ओळ बायर, संपादक, प्रायोजक आणि डिझायनरच्या घरच्यांची. कुणाची नसावी असं वाटलं म्हणून रिकाम्या दिसणाऱ्या खुर्चीवर बसू नका. उठवलं जातं, आणि सगळ्यांसमोर उठवलं जातं.

स्टँडिंग मिळालं म्हणून खट्टू होऊ नका. दिवे मंद व्हायच्या थोडं आधी दारावरची मंडळी रिकाम्या सीटा भरायला घेतात, कारण कॅमेऱ्यात ओळीमधलं भगदाड वाईट दिसतं. तेव्हा ती उभ्या असलेल्यांना हात करून पुढे बोलावतात. भिंतीला टेकून फोनमध्ये डोकं घातलेला माणूस मागेच राहतो. दारावरच्या मुलांशी नजरानजर होईल अशा जागी उभे राहा आणि त्यांच्याशी नीट वागा. ती बहुतेक कॉलेजची मुलं असतात आणि सकाळपासून उभी असतात.

शो सुरू असताना

रॅम्पवर शेवटपर्यंत प्लास्टिक अंथरलेलं असतं, म्हणजे लोकांच्या पायांनी पृष्ठभाग मळू नये. दोन-तीन जण येऊन ते एका टोकापासून गुंडाळायला लागले की समजा, आता काही मिनिटांतच सुरू होणार. बॅग खुर्चीखाली सरकवा. पुढच्या ओळीत असाल तर पायावर पाय टाकू नका. समोरच्या टोकाला उतरंडीवर दाटीवाटीनं बसलेल्या छायाचित्रकारांच्या प्रत्येक चौकटीत तुमचा बूट येतो, आणि ते ओरडून सांगतात. फ्लॅश बंद. चालू शोमध्ये उठून जायचं नाही.

पूर्ण शो दहा ते पंधरा मिनिटांचा असतो. एवढ्या वेळात काय बघायचं हे ठरलेलं नसेल तर नुसते रंग डोळ्यांसमोरून जातात. मी असं सुचवेन:

पहिला लूक, म्हणजे पहिल्या मॉडेलच्या अंगावरचा पूर्ण पेहराव, नीट बघा. या वेळी आपल्याला काय म्हणायचं आहे ते डिझायनर बहुधा तिथेच सांगतो: रंग, लांबी, कापड. पुढचे लूक त्याच्याशी ताडून बघत जा.

मग कापड कसं पडतं ते बघा. मॉडेल चालताना स्कर्टचा घेर पायाच्या मागे किती उशिरा येतो, बाही कोपरात गोळा होते की सरळ राहते, खांद्याची शिवण खांद्यावरच आहे की घसरली आहे. मॉडेलला पाऊल आखडून टाकावं लागत असेल तर तो कपडा तुमची गिऱ्हाईकही घालणार नाही.

पाठ चुकवू नका. टोकाला वळून मॉडेल परत निघाली की लोक पुढच्या मॉडेलकडे वळतात, आणि नेमकी तेव्हा कपड्याची मागची बाजू दिसते. चेन कशी लपवलीय, बंद कुठे बांधलेत, पुढून झगमगणारं भरतकाम मागे अचानक थांबलंय का, हे सगळं तिथे कळतं.

वहीत लूकचा आकडा आणि दोन-तीन शब्द लिहा. ‘७, करडा, बाही’ एवढं पुरतं, संध्याकाळी फोटो बघताना सगळं आठवतं. फोन खाली ठेवा. प्रत्येक लूकचे चांगले फोटो काही तासांत इंटरनेटवर मिळतातच. व्हिडिओ घ्यायचाच असेल तर फिनालेचा घ्या. सगळ्या मॉडेल एकामागोमाग एक येतात आणि कलेक्शन एकत्र दिसतं.

शेवटी शोस्टॉपर येते किंवा येतो. हे आपल्याकडचं खास प्रकरण, बहुतेकदा सिनेमातलं नाव. सगळे उठतात, टाळ्या, शिट्ट्या, फोन वर. आनंद घ्या, त्यात वावगं काही नाही. मात्र त्यानंतर डिझायनर नमस्काराला बाहेर येतो, त्याच्यासाठी टाळ्या राखून ठेवा. नव्या डिझायनरच्या बाबतीत तर त्या क्षणी प्रेक्षागृह अर्धं दाराकडे निघालेलं असतं, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

मधला वेळ

दोन शोंमधला वेळ लॉबीत सेल्फी काढण्यात जातो. तो स्टॉलवर घालवा. रॅम्पवर लांबून बघितलेलं कापड इथे हातात घेता येतं.

कापड उलटं करून बघा, विक्रेत्याला विचारून. हातमागाच्या पैठणीच्या पदरावरचा मोर मागूनही जवळजवळ तसाच दिसतो, कारण नक्षीचा प्रत्येक रंग त्याच्या जागीच आडव्या धाग्यात गुंफलेला असतो. मागे सुटे धागे लोंबत असतील किंवा कापून टाकलेले असतील, तर ती त्या पद्धतीनं विणलेली नाही. भरतकामाचंही तसंच: मागच्या गाठी कशा आहेत, अस्तर सगळीकडून बंद करून काही लपवलंय का, बघा.

खण हल्ली जॅकेट, ड्रेस, बॅगा सगळ्यांत दिसतो. आपण त्याला चोळीचं कापड म्हणून ओळखतो, विणलं जातं ते कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला. वैशाली शडांगुळेनं खणावर वर्षानुवर्षं काम केलं. २०२१ च्या जुलैत पॅरिसच्या ओत कुतूर आठवड्यात ती पोचली, तिथे शो करणारी पहिली भारतीय महिला डिझायनर. चोळीच्या खणाची ही मजल लक्षात ठेवून स्टॉलवर विचारा: हे कुठे विणलंय, मागावर कोण आहे, एक मीटरला किती दिवस लागतात? ज्याला उत्तर माहीत आहे तो भरभरून बोलतो. ज्याला नाही, त्याचं लेबल किती हातमागाचं आहे याचा अंदाज तुम्हाला येतो.

बायर मंडळींनी इथे कमीत कमी ऑर्डर किती, मापं कोणती, माल किती दिवसांत, परतीची अट काय, एवढं लिहूनच घ्यावं. भाव पहिल्याच दिवशी पाडून मागू नका. आणि वेळ असेल तर हेही मनात असू द्या की मिठी नदीच्या पलीकडे, दिसेल इतक्या अंतरावर धारावी आहे. तिथल्या छोट्या कारखान्यांत लाकडी अड्ड्यावर कापड ताणून जरदोजी भरणारे कारागीर आजही बसतात. त्यांची नावं निमंत्रणावर नसतात. ती छापली जावीत असं मला मनापासून वाटतं, आणि डिझायनरला ‘भरतकाम कुणी केलं?’ हे विचारणारे वाढले तर ती छापली जातील.

ड्रेसर म्हणून गेलात तर

शोच्या तीन-चार तास आधी बोलावतात. प्रत्येक मॉडेलसाठी एक रॅक. वर कागद चिकटवलेला: तिचा फोटो, लूकचे आकडे, दागिने, बूट. हँगरला अडकवलेल्या पिशवीत कानातले, खाली बुटांची जोडी, तळव्यांना टेप लावलेली, म्हणजे बूट कोरेच परत जातात. तुमच्या वाट्याला एक मॉडेल आणि बहुधा दोन लूक येतात.

पहिला लूक घालून ती गेली की लगेच दुसऱ्याची तयारी: सगळे हूक उघडे, चेन खाली, पँटचे पाय गोळा करून जमिनीवर असे ठेवा, की ती येताच पाय आत टाकून पँट वर ओढता येईल. बदलायला एक-दोन मिनिटंच मिळतात. कमरेला सुई-दोरा, सेफ्टी पिना, दोन्हीकडून चिकटणारी टेप आणि छोटी कात्री बांधून ठेवा. नखं कापून जा, हाताला क्रीम लावू नका, अंगठ्या काढून ठेवा. शिफॉन अंगठीत अडकून सूत निघालं तर तो लूक रॅम्पवर जात नाही.

बॅकस्टेजचे फोटो काढायचे नाहीत. मॉडेल कपडे बदलत असतात, आणि कलेक्शनही अजून कुणी बघितलेलं नसतं.

एका शोला ड्रेसर म्हणून राबलात तर कपड्याच्या आतली रचना जेवढी कळते, तेवढी दहा शो बसून बघून कळत नाही.

पार्टी

शोनंतरच्या पार्ट्या डिझायनर, प्रायोजक किंवा मासिकं देतात, बीकेसी, वांद्रे, लोअर परळ भागातल्या हॉटेलांत आणि बारमध्ये. शोचा पास तिथे चालत नाही, वेगळी यादी असते. बोलावणं आलं की येणार की नाही ते लगेच कळवा. ‘प्लस वन’ लिहिलेलं नसेल तर मैत्रिणीला बरोबर नेऊ नका, दारात दोघींची अडचण होते.

जायला हवंच असं नाही. दमला असाल तर सरळ घरी जा. गेलात तर लवकर जा. पहिल्या तासात आवाज कमी असतो आणि लोक बोलण्याच्या मनःस्थितीत असतात. ज्याचा शो बघितला त्याला वहीतलं एक वाक्य सांगा: ‘सातव्या लूकची बाही फार आवडली, ती एकाच तुकड्यात कापली होती का?’ दिवसभर ‘अमेझिंग’ ऐकून कान किटलेल्या माणसाला हा प्रश्न लक्षात राहतो. काम मागायचं असेल तर तिथे पोर्टफोलिओ उघडू नका, ‘उद्या मेल करू का?’ एवढं विचारा.

दारूचा आग्रह कुणी केला तर नाही म्हणायला संकोच नको. सोडा-लिंबू घेऊन उभे राहिलात तर कुणी विचारतही नाही. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१, बाकी मद्यासाठी २५ आहे. विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावं. आपला ग्लास आपल्याच हातात, टेबलावर ठेवून गेलात तर परत आल्यावर नवा घ्या. ‘वर खोलीत चल, कामाचं बोलू’ असं कुणी कितीही मोठ्या माणसानं म्हटलं तरी कामाचं बोलणं दुसऱ्या दिवशी ऑफिसात होतं. अडचण आली तर दारावरच्या सुरक्षा कर्मचाऱ्याकडे जा, नाहीतर ११२ लावा.

परतीची वेळ घरून निघतानाच ठरवा. शेवटची लोकल कधी आहे ते आपल्या मार्गाचं बघून ठेवा आणि तिच्या आधीची पकडायच्या बेतानं निघा. कल्याण-विरारच्या पुढे राहणाऱ्यांनी मुंबईत कुणाकडे मुक्कामाची सोय केलेली बरी. कॅबनं जाणार असाल तर गाडीचा नंबर घरी पाठवा.

दुसऱ्या दिवशी

सकाळीच वही आणि फोटो समोर घेऊन बसा, दोन दिवसांनी खुणांचा अर्थ लागत नाही. प्रत्येक शोमधले तीन लूक निवडा आणि ते का निवडले ते लिहा. फोटो टाकताना डिझायनरबरोबर विणकर संस्थेचं किंवा कारागिरांचं नाव माहीत असेल तर तेही द्या. ज्यांनी सीट दिली, त्यांना आभाराचा मेल त्याच दिवशी जाऊ द्या. ज्या स्टॉलवर ऑर्डरचं बोलणं झालं, त्यांना आठवड्याच्या आत लेखी कळवा. त्यानंतर ते लग्नसराईच्या ऑर्डरींत अडकतात आणि तुमचा माल मागे पडतो.